परदेशी नोकरीच्या पीसीसीसाठी घेतलेली सर्व्हिस, चार स्टार

माझ्या मामेभावाला कुवेतला एसी टेक्निशियनची नोकरी लागली, ऑफर लेटर आलं, आणि घोडं अडलं पीसीसीवर, म्हणजे पोलीस रेकॉर्ड साफ असल्याच्या सरकारी दाखल्यावर (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट). आमच्या बेळगाव भागात सीमाप्रश्नावर निघणाऱ्या १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत परवानगी नसताना जमाव जमवला म्हणून पोरांवर केस पडलेली, त्यात ह्याचं पण नाव. आपल्या भागात अशा केसेस गल्लोगल्ली आहेत, त्याला कोण गुन्हेगार म्हणत नाही, पण कुवेतच्या व्हिसावाल्याला सीमाप्रश्नाशी काय देणंघेणं, त्याला कागद साफ पाहिजे.

एजंटचा माणूस म्हणाला, "कशाला सांगूलालास रे, फॉर्मवर नो टाक आणि मोकळा हो." वर दीड लाख मागितले ते वेगळेच. मग कुणीतरी ह्या वकील मॅडमच्या ऑफिसचं नाव सांगितलं, कोर्टाची आणि पासपोर्टची कामं एकत्र करतात म्हणून.

पहिली गोष्ट आवडली ती म्हणजे आधी पैशाचं बोलल्या नाहीत. कॉम्प्युटरवर ई-कोर्ट, म्हणजे कोर्टातल्या केसेस बघायची सरकारी वेबसाईट उघडली, नाव टाकलं, तालुका टाकला, आणि केस आमच्यासमोर काढून दाखवली. निकाल लागून निर्दोष सुटका झालेली! ह्या पठ्ठ्याला ते माहीत होतं, पण निकालाची कॉपी कधी काढलीच नव्हती, आणि पोलीस स्टेशनच्या रेकॉर्डला केस अजून पेंडिंगच दिसत होती. म्हणजे व्हेरिफिकेशनला तिथूनच उलटा रिपोर्ट जाणार. मॅडमनी निकालाची सर्टिफाईड कॉपी काढायला लावली, ती अर्जाबरोबर स्टेशनला देऊन पोच घ्यायला लावली, आणि मगच पीसीसीचा फॉर्म भरला. पोच मात्र न विसरता घ्या, शिक्का मारलेली, तोंडी "झालं झालं" ला काही अर्थ नाही.

एफआयआर आणि चार्जशीट सगळं कन्नडमध्ये. मराठी शाळेत शिकलेल्याला त्यातलं काय कळणार, आम्ही इतकी वर्षं तो कागद घरात ठेवून होतो आणि कलमं कुठली लागलीत ते वाचून घेतलंच नव्हतं. इथे एक अण्णा बसतात, ते ओळ न ओळ मराठीतून समजावून सांगतात आणि बाहेर पाठवायला इंग्लिश भाषांतर नोटरीसकट करून देतात. ह्या एका कामासाठी सुद्धा इथे जावं.

आमच्या आधी खानापूरकडचा एक पोरगा बसला होता, यूकेला नोकरीला जाणारा. जत्रेतली मारामारी, "दंड भरून सुटलो की मॅडम" म्हणत होता. मॅडम म्हणाल्या, "गुन्हा कबूल करून दंड भरलास ना बाळा, म्हणजे शिक्षाच झाली, निर्दोष नव्हे." पोराचं तोंड एवढंसं झालं. पण पुढे हेही सांगितलं की लहान दंडावरून व्हिसा जाईलच असं नाही, मात्र यूकेच्या फॉर्मवर लपवलं आणि सापडलं तर दहा वर्षांची बंदी बसू शकते, तेव्हा लिही, निकाल जोड आणि कंपनीला पण आधीच कळव. आमच्या एजंटचं "नो टाक" ऐकून तर त्या हसल्याच, पासपोर्ट कायद्याच्या कलम १२ प्रमाणे खोटी माहिती दिली तर दोन वर्षांपर्यंत कैद आहे म्हणे, आणि आत एजंट जात नाही, अर्जावर सही करणारा जातो. भरतीच्या पैशाचं पण सांगितलं, रजिस्टर्ड एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं, ई-मायग्रेट ह्या सरकारी वेबसाईटवर एजंटचं नाव तपासा. आमच्यावाल्याचं नाव तिथे नव्हतं, मग काय, त्याला रामराम.

केस चालू असेल तर भानगड मोठी. ज्या कोर्टात केस आहे तिथूनच परदेशी जायची परवानगी आणावी लागते, आणि ऑर्डरमध्ये मुदत लिहिली नाही तर १९९३ च्या नोटिफिकेशनप्रमाणे पासपोर्ट एकाच वर्षाचा मिळतो. म्हणून मॅडम अर्जातच मुदत मागून घेतात. केस रद्दच करायची असेल तर धारवाडचं हायकोर्ट, पण ते काम त्या दुसऱ्या वकिलांकडे पाठवतात, उगाच आपल्याकडे ओढत नाहीत.

आता एक स्टार का कापला. फोन उचलत नाहीत, जाऊन बसायलाच लागतं. आणि भाषांतराचे पैसे वेगळे आहेत हे शेवटी कळलं, आधी सांगितलं असतं तरी दिलेच असते की हो, पण बिलावर बघून डोकं फिरतं. पावती मागितली तर देतात, न मागता देत नाहीत.

पीसीसीची सरकारी फी ५०० च आहे आणि फॉर्म स्वतः ऑनलाईन भरता येतो, अपॉइंटमेंट आता पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात पण मिळते. ज्याच्यावर कधी काही केस नाही त्याने इथे पैसे घालवू नयेत, मॅडम स्वतःच तसं सांगून परत पाठवतात. जाताना पासपोर्ट, आधार, असेल तो कोर्टाचा कागद आणि केस नंबर घेऊन जावा, नंबर नसला तर पोलीस स्टेशनचं नाव आणि साल तरी आठवून जावा. दुपारी जेवायच्या टायमाला जाऊ नका, बाहेर उन्हात उभं रहायला लागतं.