बिल्डर की स्वयंपुनर्विकास?

मुंबईतल्या जुन्या सोसायटीपुढे इमारत नव्याने बांधायच्या दोनच वाटा असतात. बिल्डर आणला तर पैसा, परवानग्या आणि विक्रीची चिंता त्याची. बदल्यात विक्रीच्या फ्लॅटचा नफाही त्याचाच. खरा धोका घर रिकामं केल्यानंतरचा. गोरेगावच्या पत्राचाळीत 672 कुटुंबांचा करार 2008 साली झाला, पुढे बिल्डरकडून मिळणारं पर्यायी घराचं भाडं थांबलं आणि घरांसाठी दशकाहून अधिक काळ झगडावं लागलं. म्हणून बँक गॅरंटी (बिल्डर चुकला तर पैसे देण्याची बँकेची हमी) हातात येईपर्यंत आणि प्रत्येक सभासदाचा नव्या घराचा करार नोंदणीकृत होईपर्यंत चावी देऊ नका. निव्वळ चटई क्षेत्र, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरता येणारी जागा, करारात आकड्यात लिहून घ्या.

स्वयंपुनर्विकासात सोसायटीच विकासक. आधी कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून घेणं; ती नावावर नसेल तर कर्जाचं गाडं तिथेच अडतं. मग व्यवहार्यता अहवाल (प्रकल्प खर्चात बसतो का याचा हिशोब), आर्किटेक्ट, कर्ज, कंत्राटदार. विक्रीच्या फ्लॅटची महारेराकडे, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडे, नोंदणीही आलीच. नफा सभासदांचा, तसंच व्याजही: फ्लॅट वेळेत विकले नाहीत तर तेच मानगुटीवर बसतं. कंत्राटदाराला पैसे टप्प्याटप्प्याने, इंजिनिअरने काम मोजल्यावरच द्यावेत.

कन्व्हेयन्स झालेली, एकोपा असलेली छोटी सोसायटी असेल तर आम्ही दुसरी वाट सुचवू. समितीत भांडणं असतील तर मात्र नको.