14 महिने, 10,860 किलोमीटर: साताऱ्यात इलेक्ट्रिक स्कूटर चालवल्यावर

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम घ्यायचा, हेच माझं काम. सकाळी गोडोलीतून निघायचं, सदर बाजार, करंजे, शाहूपुरी करत दुपारी घरी, संध्याकाळी परत एक फेरी. दिवसाला सरासरी 30 किलोमीटर होतात. 14 महिन्यांपूर्वी पेट्रोलची स्कूटर काढून 2.9 युनिट क्षमतेची बॅटरी असलेली इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. घेण्याआधी मला हवे होते तसे खरे आकडे कुठे मिळाले नाहीत, म्हणून माझे लिहिते आहे.

चार्जिंगच्या पॉइंटला पहिल्याच आठवड्यात वेगळा सबमीटर बसवून घेतला. आजपर्यंत त्यावर 404 युनिट झाले. म्हणजे महिन्याला साधारण 29. चार्जर तापतो, बॅटरीही थोडी तापते, त्यामुळे भिंतीतून घेतलेली सगळी वीज चाकापर्यंत पोचत नाही. शोरूममध्ये हा भाग हिशोबात धरत नाहीत.

त्याहून मोठी गोष्ट स्लॅबची. आमच्या घरचा वापर आधी 88 युनिटच्या आसपास असायचा. स्कूटरचे 29 मिळवले की 100 ओलांडतात, आणि 100 च्या वरचं प्रत्येक युनिट जवळजवळ दुप्पट दराने लागतं. त्यामुळे माझं बिल महिन्याला सुमारे 300 रुपयांनी वाढलं, म्हणजे किलोमीटरला 40 पैशांच्या आत-बाहेर. जुनी गाडी लिटरला 45 द्यायची, तिथे सव्वादोन रुपयांच्या वर जायचे. ज्यांच्या घरी एसी किंवा गिझरमुळे आधीच 300 युनिट होतात, त्यांना स्कूटरची सगळीच वीज वरच्या दराने पडेल.

पावसाळ्यात एका रात्री पोर्चमध्ये जळका वास आला. चार्जर तीनपिनी साध्या सॉकेटला लावलेला होता. प्लग काढून पाहिला तर एक पिन काळी पडलेली आणि सॉकेटचं पांढरं प्लास्टिक तिथे तपकिरी होऊन किंचित वितळलेलं. चार्जर जेमतेम 750 वॉटचा, पण पाच तास सलग ओढतो, आणि आतली पकड सैल झाली होती. वायरमन काकांनी पाहिलं तर त्या पॉइंटला अर्थिंगही नव्हतं. 16 अँपिअरचं सॉकेट, नवी जाड वायर आणि अर्थिंग, सगळं मिळून 1,850 रुपये गेले. गाडी घरी यायच्या आधी हे करून घ्या, कळकळीने सांगते.

बॅटरी किती उतरली? नवी असताना रोजची फेरी झाली की काटा 100 वरून 67 वर यायचा. आता त्याच रस्त्याला 64 वर येतो. डिसेंबर-जानेवारीत गारठ्यामुळे आणखी एक-दोन टक्के कमी दिसायचे, उन्हाळ्यात ते परत आले. माझी बॅटरी एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) प्रकारची आहे, ती सतत पूर्ण भरलेली किंवा तापलेली ठेवली तर लवकर उतरते, म्हणून एरवी 80-85 ला प्लग काढते आणि उन्हातून आल्या आल्या कधीच चार्जिंगला लावत नाही. महिन्यातून एकदा मात्र 100 झाल्यावरही तासभर तशीच लावून ठेवते. सातव्या महिन्यात काटा एका चढावर 18 वरून एकदम 9 वर आला होता. सेलमध्ये असमतोल झाला की असं होतं, पूर्ण चार्जिंगमध्ये ते सारखे होतात. तेव्हापासून पुन्हा झालं नाही.

राजवाड्यापासून यवतेश्वर जेमतेम सहा-सात किलोमीटर, पण मागे हे बसलेले असताना घाट चढायला 17 टक्के लागले. उतरताना मोटर उलट थोडी वीज बॅटरीत भरते, त्याने 2 टक्के परत आले.

खरा मनस्ताप दिला तो सर्व्हिस सेंटरने. जुलैमध्ये ब्रेकजवळचा एक सेन्सर गेला, गाडी सुरूच होईना. पार्ट यायला 9 दिवस लागले. त्या दिवसांत पॅरालिसिसच्या दोन पेशंटचे व्यायाम बुडाले, ते मला फार लागलं. पर्यायी गाडी मागितली तर नुसतं 'बघतो' म्हणाले. बाकी खर्च किरकोळ: तीन सर्व्हिसिंगचे 1,650, ब्रेक पॅड 640, मागचा टायर 1,900.

पण 40 पैसे हा पूर्ण हिशोब नाही. नव्या बॅटरीची आजची किंमत मला 52,000 सांगितली. ती 50,000 किलोमीटर चालली असं धरलं तरी किलोमीटरला आणखी रुपयाच्या वर पडतात. म्हणून पोस्टात दरमहा 800 ची पाच वर्षांची आरडी काढली आहे. हे धरूनही वीज आणि बॅटरी मिळून माझं दीड रुपयात भागतं.

शाहूनगरचे एक काका रोज फक्त मंडईपर्यंत, सात-आठ किलोमीटर जातात. त्यांनी घेऊ का म्हणून विचारलं. बॅटरी नुसती उभी राहूनही म्हातारी होते. आठ वर्षांत ते जेमतेम 20-23 हजार किलोमीटर फिरतील, म्हणजे एकट्या बॅटरीचेच किलोमीटरला सव्वादोन ते अडीच रुपये होतील. काकांना वहीतली बेरीज दाखवली आणि म्हटलं, तुमची जुनी गाडी धड आहे, तीच चालवा.