कोडिंग स्पर्धा की ओपन सोर्स?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी सध्या हाच विषय. भाचा कलाभवनात, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात, कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला. "मामा, मोठ्या टेक कंपनीत जायचंय. कोडफोर्सेसवर रेटिंग वाढवू की ओपन सोर्समध्ये काम करू?" कोडफोर्सेस ही कोडिंग स्पर्धांची वेबसाइट; ओपन सोर्स म्हणजे ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो असे प्रकल्प.

स्पर्धेचा फायदा उघड आहे. मुलाखतीच्या पहिल्या फेऱ्यांत ग्राफ, डायनॅमिक प्रोग्रॅमिंग असली अल्गोरिदमची कोडीच विचारतात, तिथे घड्याळ लावून सोडवायची सवय कामी येते.

पण मला मोल जास्त वाटतं ते ओपन सोर्सचं. एका प्रकल्पाच्या फॉर्ममध्ये देवनागरी आकडे टाकले की बेरीज अडायची, ती चूक भाच्याने दुरुस्त केली. बदल अवघा ११ ओळींचा, तरी तपासणाऱ्याने तीनदा परत पाठवला: टेस्ट कुठेय, व्हेरिएबलचं नाव कळत नाही, कमिटमध्ये (बदलाच्या नोंदीत) कारण लिहा. दुसऱ्याचा कोड वाचणं, चूक ऐकून घेणं हे स्पर्धेत शिकायला मिळत नाही, आणि मुलाखतीत सांगायला स्वतःचं काम हाताशी असतं. २००५ पासून चालणाऱ्या गूगल समर ऑफ कोड या ओपन सोर्समध्ये नव्याने येणाऱ्यांसाठीच्या उपक्रमात तर मानधनही मिळतं.

त्याला म्हटलं, रोज तासभर कोडी सोडव, उरलेला वेळ ओपन सोर्सला दे. प्लेसमेंट दोन महिन्यांवर आली की मात्र उलट कर.