जीन टेस्टचा खोटा नॉर्मल रिपोर्ट, संशोधनाच्या नावाखाली फसवणूक (पुणे)

नमस्कार, जरा मोठं लिहितेय पण कृपया पूर्ण वाचा, विशेषतः ज्यांच्या घरात कोणाला थायरॉईडचा मेडुलरी कॅन्सर झालाय, अ‍ॅड्रिनलची गाठ निघालीय किंवा डॉक्टरांनी "मेन वन", "मेन टू" (वेगवेगळ्या ग्रंथींमध्ये गाठी करणारे आनुवंशिक आजार) असं काही नाव घेतलंय त्यांनी तर नक्कीच वाचा. अशा कुटुंबांना गाठून संशोधनाच्या नावाने पैसे उकळणारे लोक पुण्यात आहेत. आमचे पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण त्यांनी आमच्या सहा वर्षांच्या मुलीचा जो खोटा रिपोर्ट हातात दिला तो तिच्या जिवावर बेतला असता, म्हणून लिहितेय.

आधी आजार काय ते सांगते म्हणजे पुढचं कळेल. माझ्या मिस्टरांना कित्येक वर्षं मधेच दरदरून घाम सुटायचा, डोकं ठणकायचं, छातीत धडधड, बीपी एकदम वर आणि थोड्या वेळाने सगळं ठीक. घरचे, ऑफिसमधले सगळे म्हणायचे टेन्शन घेतो फार. मग गळ्याला गाठ लागली, सुईची तपासणी झाली, कॅल्सिटोनिन (या कॅन्सरमध्ये रक्तात वाढणारं हार्मोन) खूप वाढलेलं आलं आणि मेडुलरी कॅन्सर निघाला. आम्हाला वाटलं आता लगेच ऑपरेशन, पण एंडोक्राईनच्या डॉक्टरांनी थांबवलं आणि आधी मेटानेफ्रिन (फिओक्रोमोसायटोमा आहे का ते सांगणारी तपासणी) तपासायला लावलं, कारण किडनीच्या वरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत फिओक्रोमोसायटोमा, म्हणजे बीपी भडकवणारा ट्यूमर, असेल आणि तो माहीत नसताना भूल दिली तर टेबलावरच बीपी भडकून माणूस दगावू शकतो. तो होताच. बीपीच्या खास गोळ्या देऊन आधी तो काढला, मग थायरॉईड. नंतर जीन टेस्ट केली त्यात रेट नावाच्या जीनमध्ये कोडॉन ६३४ ला (जीनमधलं एक ठरावीक ठिकाण) म्युटेशन, म्हणजे बिघाड, सापडलं, म्हणजे मेन टू चा ए प्रकार. माझ्या सासूबाई पन्नाशीतच अचानक गेल्या, तेव्हा हार्ट अटॅक म्हणाले होते, आता आम्हाला वेगळीच शंका येते.

हा आजार आई किंवा वडिलांकडून येतो आणि प्रत्येक मुलाला यायची शक्यता निम्मी असते, मुलगा असो की मुलगी. रेट जीनमुळे हे होतं हे १९९३ मध्ये कळलं, त्याआधी अशा घरातल्या मुलांना वर्षानुवर्षं इंजेक्शन देऊन कॅल्सिटोनिन वाढतंय का ते बघत बसावं लागायचं. आता एका रक्ताच्या टेस्टमध्ये समजतं, आणि कोडॉन ६३४ असेल तर साधारण पाचव्या वर्षापर्यंत, कॅन्सर व्हायच्या आधीच, थायरॉईड काढून टाकतात. ९१८ चं म्युटेशन असेल तर पहिल्या वर्षातच. आमची मुलगी सहा वर्षांची, मुलगा अकरा, म्हणजे आम्हाला घाई होती. डॉक्टर म्हणाले, घरातलं म्युटेशन माहीत आहे त्यामुळे मुलांमध्ये तेवढं एकच ठिकाण तपासायचं, अनेक जीन्सच्या मोठ्या पॅनलची गरज नाही आणि खर्चही बराच कमी येतो.

त्याच सुमारास फोन आला. "ताई, अमुक रिसर्च प्रोग्रॅममधून बोलतोय, तुमच्यासारख्या फॅमिलीच्याच शोधात होतो आम्ही." त्याला मिस्टरांचा आजार, ऑपरेशन, सगळं माहीत होतं, कुठून कळलं ते आम्हाला आजपर्यंत समजलेलं नाही. बाणेरला ऑफिसमध्ये बोलावलं, काचेचे दरवाजे, भिंतीवर डीएनएचे पोस्टर, पांढरा कोट घातलेल्या एक बाई, त्यांची ओळख जेनेटिक काउन्सेलर म्हणून करून दिली. आनुवंशिक न्यूरोएंडोक्राईन ट्यूमरचं (हार्मोन बनवणाऱ्या पेशींच्या गाठींचं) संशोधन आहे, परदेशातल्या संस्थेबरोबर, वीस वर्षं फॉलोअप, सगळ्यांची जीन टेस्ट, दरवर्षी डोटाटेट पेट स्कॅन (अशा गाठी शोधणारा स्कॅन) फुकट, आणि पुढे जीन दुरुस्त करणारं इंजेक्शन येणार आहे त्यात तुमचा पहिला नंबर. माणशी २२,००० रुपये एनरोलमेंट, ट्रायल संपली की परत. मिस्टर, दोन्ही मुलं आणि माझी नणंद मिळून ८८,००० भरले, तेही एका व्यक्तीच्या नावाच्या क्यूआरवर, अकाउंट्सवाल्यांचा आहे म्हणाले. सही करायला एक पानाचा इंग्रजी फॉर्म, त्याची कॉपी मागितली तर मेल करतो म्हणाले.

मग घरी बाइकवरून एक मुलगा आला, थर्माकोलचा डबा घेऊन. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवला, बोळे साध्या प्लास्टिकच्या पिशवीत टाकले, जिपर सुद्धा नीट लागत नव्हतं, आणि पिशवीवर बॉलपेनने नावं लिहिली. माझ्या मुलीच्या पिशवीवर नुसतं "बेबी" आणि आडनाव.

रिपोर्ट आले ते दिसायला एकदम भारी. रंगीत, प्रत्येकी चार पानं, ५२ जीन्स तपासल्या, सर्व नॉर्मल. चौघांचेही. नणंदेनं पेढे वाटले हो, आणि तिला डॉक्टरांनी गळ्याची सोनोग्राफी सांगितली होती ती अपॉइंटमेंट तिने कॅन्सल केली.

मी ते रिपोर्ट फाईलला लावायला घेतले आणि मिस्टरांच्या पानावर थांबले. यांचा रेट जीन नॉर्मल? ज्यांचं म्युटेशन आधीच्या रिपोर्टमध्ये कोडॉन नंबरासकट लिहिलेलं आहे? फोन केला तर तो माणूस शांतपणे म्हणतो, "ताई, साहेबांचं ऑपरेशन झालं ना, थायरॉईड काढली, म्हणून आता जीन नॉर्मल आलाय." हे वाक्य मी मुद्दाम जसंच्या तसं लिहितेय कारण उद्या तुम्हालाही हेच ऐकवतील. हा जीन जन्मापासून शरीराच्या प्रत्येक पेशीत असतो, रक्तात, लाळेत, कातडीत, थायरॉईड काढली काय आणि अ‍ॅड्रिनल काढली काय, तो बदलत नाही, मरेपर्यंत तोच राहतो. ज्या माणसाला आजार आहे त्याचाच रिपोर्ट नॉर्मल आला तर बाकीच्या रिपोर्टना काडीची किंमत नाही.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोन्ही रिपोर्ट टेबलावर शेजारी ठेवून दाखवले. खऱ्यामध्ये म्युटेशनचं ठिकाण, टेस्टची पद्धत, टेस्टच्या मर्यादा, लॅबची नोंद, सही करणाऱ्याचं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर, सगळं. खोट्यामध्ये फक्त नॉर्मल. मग मुलांचं आणि नणंदेचं रक्त घेतलं, जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये, प्रत्येक ट्यूबवर पूर्ण नाव, वय, बारकोड. काउन्सेलर बाईंनी कागदावर गोल आणि चौकोन काढून सासूबाईंपासून सगळं घराणं मांडलं आणि फॉर्मवर वडिलांचं म्युटेशन लिहिलं, लॅबनं नेमकं काय शोधायचं ते कळावं म्हणून. मुलगा निगेटिव्ह आला. मुलगी आणि नणंद पॉझिटिव्ह. कोडॉन ६३४, सिस्टिन या प्रोटीनच्या घटकाच्या जागी आर्जिनिन, मिस्टरांचं आहे तेच.

नणंदेचं कॅल्सिटोनिन वाढलेलं निघालं, आधी मेटानेफ्रिन बघून मग तिचं ऑपरेशन झालं, गळ्यातल्या गाठींसकट. "नॉर्मल"च्या भरवशावर ती आणखी दोन-चार वर्षं राहिली असती तर काय झालं असतं हा विचार आला की मला अजून राग आवरत नाही. मुलीची थायरॉईड काढली, आता तिला रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी, कॅल्सिटोनिन ठरल्याप्रमाणे तपासायचं, आणि अकराव्या वर्षापासून दरवर्षी मेटानेफ्रिन आणि कॅल्शियम, कारण फिओ (म्हणजे तोच फिओक्रोमोसायटोमा) आणि पॅराथायरॉईडचा (गळ्यातल्या, कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथींचा) त्रास पुढे होऊ शकतो. लाँग टर्म मॅनेजमेंट ते हेच, आणि आमचे नेहमीचे डॉक्टर ते करतातच. तो दरवर्षी फुकट पेट स्कॅनचा वायदा सुद्धा खोटाच होता, लहान मुलांना कारण नसताना दरवर्षी रेडिएशनचा स्कॅन कोणी करत नाही. आणि ते इंजेक्शन! रेटवर काम करणारी औषधं खरंच आहेत, सेलपरकॅटिनिबला अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली, पण ते पसरलेल्या कॅन्सरमध्ये रेटचं प्रोटीन अडवायला देतात, जीन दुरुस्त होत नाही. मेन टू चा जीन दुरुस्त करणारं इंजेक्शन उपचार म्हणून कुठेच मिळत नाही.

खरं संशोधन कसं चालतं ते मी नंतर डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं. संशोधनाचा खर्च पेशंटवर टाकायचा नाही असं आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये सांगितलंय, त्यामुळे एनरोलमेंट फी मागितली की तिथेच उठायचं. माहितीपत्रक तुम्हाला समजेल त्या भाषेत, म्हणजे आपल्याला मराठीत मिळायला हवं, त्यावर एथिक्स कमिटीचा (संशोधनात पेशंटचं हित बघणाऱ्या समितीचा) संपर्क हवा, कधीही बाहेर पडता येईल हे लिहिलेलं हवं, आणि सही केलेल्या फॉर्मची कॉपी तुमच्याकडे हवी. लहान मुलांसाठी आईवडिलांची सही लागते आणि मूल कळत्या वयाचं असेल तर त्यालाही विचारावं लागतं, आमच्या अकरा वर्षांच्या मुलाला कोणी एक शब्द विचारला नव्हता. औषधाची ट्रायल असेल तर ती सीटीआरआय या सरकारी रजिस्ट्रीवर असलीच पाहिजे, २००९ पासून बंधनकारक आहे, आणि ती वेबसाइट कोणालाही फुकट बघता येते. आम्हाला त्यांनी एक सीटीआरआय नंबर दिला होता, तो टाकून बघितला तर भलत्याच आजाराची ट्रायल निघाली. नुसता नंबर आहे म्हणून विश्वास ठेवू नका, उघडून आजाराचं नाव, हॉस्पिटल आणि प्रमुख डॉक्टर जुळतात का बघा, आणि त्या हॉस्पिटलच्या मेन नंबरवर स्वतः फोन करा. ज्या मोठ्या संस्थेचं नाव ते सांगत होते तिथे आम्ही विचारलं, त्यांच्याकडे असा कुठलाही प्रोजेक्ट नाही.

१९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करून सायबर क्राईमची तक्रार नोंदवली आहे, पोलीस स्टेशनलाही लेखी दिलंय, क्यूआरचे स्क्रीनशॉट आणि चारही रिपोर्ट जोडून. बाणेरचं ऑफिस रिकामं झालंय, जागा थोड्या महिन्यांसाठी भाड्याने घेतली होती असं वॉचमनकाका म्हणाले. म्हणजे दुसऱ्या नावाने दुसरीकडे सुरू झालं असेल.

त्या ऑफिसमध्ये आम्ही बसलो होतो तेव्हा आणखी एक कुटुंब आलेलं होतं, आजी, मुलगा, सून आणि कडेवर एक लहान बाळ, साताऱ्याकडचे असावेत बोलण्यावरून. त्यांना माझा हा मजकूर कोणीतरी दाखवा. आणि गेल्या वर्षभरात ज्या ज्या कोणाला असा गालाच्या बोळ्यावरून "सर्व जीन्स नॉर्मल" रिपोर्ट मिळालाय त्यांनी तो फाडू नका, तक्रारीला लागेल, पण त्यावर विसंबून कुठलीही तपासणी बंद करू नका, तुमच्या डॉक्टरांना दाखवून रक्त परत तपासून घ्या, लहान मुलांचं आधी.