नादपेटी: दहा महिने वापरल्यानंतर काय टिकलं, काय मोडलं

जून ते मार्च असे दहा महिने ही पेटी, म्हणजे लहान मुलांना आवाज आणि सूर कळावेत म्हणून जमवलेलं साहित्य, बेळगाव शहरातल्या एका बालवाडीत आणि खानापूर तालुक्यातल्या पहिली-दुसरीच्या वर्गांत रोजच्या वापरात आहे. मुलांचं वय साडेतीन ते आठ. पेटी तयार मिळणारी नाही. इलेक्ट्रिकच्या दुकानातला पाइप, गळाला लावतात तो तंगूस, खानापूरची मडकी, घरातलं उलथणं आणि हायस्कुलाच्या प्रयोगशाळेतले नादकाटे (ट्यूनिंग फोर्क) एवढ्यातून ती जमवली आहे. अशा उपक्रमांच्या याद्या पुष्कळ सापडतात, पण नळी नेमकी किती कापायची आणि ती डिसेंबरात बेसूर का होते हे त्यांत नसतं. म्हणून मापांसकट लिहीत आहे.

दहा महिन्यांनंतरचं पक्कं मत असं, की लहान मुलाला नाद आधी हाताला लागू द्यावा, मग कानाला. याचं एक कारण आपल्या भाषेतच आहे. ‘बारीक आवाज’ म्हणजे हळू आवाज, आणि किनरा आवाजही ‘बारीक’च. ‘मोठा आवाज’ म्हटलं की चार वर्षांचं मूल कधी जोरात वाजवतं, कधी घसा जाड करून बोलतं. दोन्ही बरोबरच आहे, घोळ शब्दांचा आहे. पेटी वापरताना पहिल्या दिवसापासून दोन जोड्या ठरवून घ्या: आवाज किती आहे यासाठी ‘मोठ्यानं–हळू’, आणि सूर कसा आहे यासाठी ‘जाड–किनरा’. लांब नळी हातात धरली की जाड, आखूड नळी धरली की किनरा, ही सांगड दिसण्यातून आणि धरण्यातून बसते. वर्गात घरी कन्नड बोलणारी मुलं असतील तर हीच पद्धत त्यांनाही चालते, कारण शब्दाआधी वस्तू हातात येते.

सुरुवात नादकाट्यांपासून करा. प्रयोगशाळेच्या संचात आठ काटे असतात: 256, 288, 320, 341.3, 384, 426.6, 480 आणि 512 हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला इतक्या थरथरी). हे आकडे शुद्ध सप्तकाच्याच प्रमाणात आहेत. 256 ला सा धरला तर 288 रे, 320 ग, 384 प आणि 512 वरचा सा. म्हणून पेटीतल्या नळ्याही 256 च्या सा वर बेतल्या आहेत. काटा टेबलाच्या कडेवर कधीच आपटू नका. त्यानं भुजा वाकतात आणि मूळ सुराच्या वर एक कर्कश टणत्कार येतो. जुन्या रबरी चपलेच्या तळव्यावर किंवा मुलाच्या स्वतःच्या गुडघ्यावर मारावा. मग काट्याची दांडी कोपरावर, हनुवटीवर, डोक्याच्या मध्यावर टेकवा. भुजांची टोकं काठोकाठ भरलेल्या वाटीतल्या पाण्याला लावली की पाणी उडतं, आणि ‘आवाज म्हणजे थरथर’ हे वेगळं सांगावं लागत नाही. दातांना आणि चष्म्याला काटा लावू देऊ नका. थरथर जाणवायला 256 सर्वांत चांगला, 512 फार लवकर विरतो. लोखंडी काटे पावसाळ्यात गंजतात, त्यांना शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवून कापडात गुंडाळून ठेवावं.

खानापूरकडे जुलैत पत्र्याच्या छपरावर पाऊस पडायला लागला की वर्गात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. ऐकण्याचे सगळे उपक्रम तिथे बंद पडतात. हाताचे मात्र चालू राहतात: काटा कोपरावर टेकवणं, ‘म्म्म’ करताना गळ्यावर बोटं ठेवणं, ‘झ’ म्हणताना गळा थरथरतो आणि ‘स’ म्हणताना थरथरत नाही हे शोधणं. पावसाळ्यात हेच करा, नळ्या आणि तारा श्रावणानंतर पेटीतून बाहेर काढा.

नळ्यांवर सर्वांत जास्त वेळ जातो आणि तो सत्कारणी लागतो. भिंतीतून वायर नेतात तो 25 मि.मी.चा पीव्हीसी पाइप घ्या. 25 हे माप बाहेरचं असतं, पातळ जातीत आतून साधारण 22 मि.मी. भरतं. 3 मीटरच्या एका पाइपात आठही नळ्या बसतात, वर मीटरभर उरतो, तो चुकांसाठी राखून ठेवा. एक टोक टोपणानं बंद, दुसरं उघडं. 28 अंश तापमान धरून लांबी सेंटिमीटरमध्ये अशी:

सा 33.3, रे 29.6, ग 26.6, म 24.9, प 22.0, ध 19.7, नि 17.5, वरचा सा 16.3.

हिशेब सोपा आहे. एका टोकाला बंद नळीत लहरीचा पाव भाग मावतो. 28 अंशांना आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 348 मीटर. त्याला 256 च्या चौपटीनं भागलं की 34.0 सें.मी. येतात. पण उघड्या तोंडाशी हवेचा थर नळीच्या थोडा बाहेरही हलतो, तो आतल्या त्रिज्येच्या 0.6 पट, म्हणजे इथे सुमारे 0.7 सें.मी., वजा करायचा. वेगळ्या जाडीचा पाइप घेतलात तर ही वजाबाकी बदलते. बाजारातल्या पाइपाची आतली मापं तंतोतंत सारखी नसतात, म्हणून प्रत्येक नळी 3 मि.मी. जास्त कापा आणि काचकागदावर घासत सुरात आणा. आखूड नळीला जास्त जपा: 1 मि.मी.ची चूक सा च्या नळीत कानाला जेमतेम कळते, वरच्या सा मध्ये तीच चूक दुपटीनं खटकते.

बंद टोक जमिनीवर आपटून नळी वाजवायची. नुसत्या शहाबादी फरशीवर टोपणाची टकटकच ऐकू येते. दुहेरी घडीच्या सतरंजीवर आपटली की सूर गोल निघतो. अगदी लहान मुलांकडून आधी सा, प आणि वरचा सा या तीनच नळ्या वाजवून घ्या, आठही एकदम दिल्या तर नुसता गोंगाट होतो. टोपण काढून नळी मांडीवर आडवी मारली की सूर एकदम वर उडी घेतो, जवळजवळ वरच्या सा पर्यंत. थोडा उतरलेला राहतो, कारण आता दोन्ही तोंडांशी हवा बाहेर हलते. तयार सुरांचा कान असलेल्या मुलाला हा फरक कळतोही.

सर्वांत सुंदर क्षण नादकाट्याचा. 256 चा काटा वाजवून सा च्या नळीच्या तोंडावर धरा. एरवी जवळ नेल्याशिवाय ऐकू न येणारा काटा एकदम भरून बोलतो. तोच काटा रे च्या नळीवर धरला तर गप्प. कुठली नळी कुठल्या काट्याला ओ देते हे शोधण्यात सात-आठ वर्षांची मुलं अर्धा तास सहज रमतात.

नळ्यांत बिघाड तीन. पहिला, टोपण सैल होतं. मग सूर जाऊन फुसफुस येते. सोल्यूशन लावून पक्कं करा, पण ते मोठ्यांनी, उघड्यावर, आणि नळी दिवसभर वास जायला ठेवून. टोपण काढण्याच्या प्रयोगासाठी एक जादा सा ची नळी न चिकटवलेली ठेवा. दुसरा, करवतीनं कापलेल्या कडेला कूस, म्हणजे बारीक कुसळं, राहते, ती हाताला लागते आणि सूरही मळकट करते. तिसरा थंडीचा. बेळगावात डिसेंबरच्या सकाळी पंधरा अंश असतात, एप्रिलच्या दुपारी पस्तीस. तेवढ्यानं आवाजाचा वेग 340 वरून 352 वर जातो आणि नळीचा सूर, सा ते कोमल रे या अंतराच्या निम्म्याहून थोडा जास्त, सरकतो. सगळ्या नळ्या एकत्रच उतरतात, म्हणून आपापसात त्या सुरात राहतात. हार्मोनिअम किंवा काट्याशी मात्र जुळत नाहीत. नळी बिघडली समजून कापू नका! टोपणाच्या तळाशी पुठ्ठ्याच्या गोल चकत्या टाकायच्या, सा च्या नळीत सुमारे 7 मि.मी., वरच्या सा मध्ये 4. उन्हाळ्यात काढून ठेवायच्या.

बांबूच्या नळ्यांचा आवाज पीव्हीसीपेक्षा गोड. पेराचा पडदा तळाला राहील असं कापलं की टोपणही लागत नाही. पण आतली जाडी प्रत्येक पेराला वेगळी, त्यामुळे वरची मापं उपयोगी पडत नाहीत, आणि मार्चच्या कोरड्या हवेत निम्म्या नळ्या उभ्या तडकल्या. भुंगाही लागला. हौस असेल तरच करा.

तारेचा उपक्रम करताना टिफिनवर रबरबँड ताणण्याची नेहमीची पद्धत सोडून द्यावी असं ठाम मत झालं आहे. रबर ओढलं की ताण वाढतो, लांबीही वाढते. एकानं सूर चढतो, दुसऱ्यानं उतरतो, आणि मुलाला काहीच धड कळत नाही. त्यापेक्षा 75 सें.मी.ची फळी रिकाम्या आंब्याच्या पेटीवर ठेवा. 0.5 मि.मी.चा तंगूस एका टोकाला खिळ्याला बांधा, दोन पेन्सिलींवरून नेऊन दुसऱ्या टोकाला लटकता सोडा. पेन्सिलींमधलं अंतर बरोबर 60 सें.मी. लटकत्या टोकाला पाण्याची बाटली. अर्ध्या लिटरऐवजी दोन लिटरची लावली, म्हणजे ताण चौपट केला, की सूर दुप्पट होतो, सा चा वरचा सा. तारेखाली तिसरी पेन्सिल सरकवून लांबी कमी करायची: 53.3 ला रे, 48 ला ग, 45 ला म, 40 ला प, 36 ला ध, 32 ला नि, 30 ला वरचा सा. या जागांवर रंगीत टिकल्या लावा. नवा तंगूस पहिला दिवसभर ताणत राहतो, तेव्हा आदल्या दिवशी बाटली लटकवून ठेवावी. बाटलीखाली उशी हवीच, गाठ सुटली तर पायावर येते.

सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणाऱ्या घरांतल्या मुलांनी चौंडकं हे एकतारी वाद्य पाहिलेलं असतं. त्याची तार कातड्याला बांधलेली, दुसरं टोक हातात, आणि हात ओढला की सूर चढतो. फळीवरची बाटली म्हणजे तोच ओढणारा हात, असं सांगितलं की ताण लगेच कळतो. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा झिणझिणता नाद, हीही इथे करून दाखवता येते. गोल पेन्सिलीऐवजी रुंद, किंचित उतरती लाकडी पट्टी घोडीसारखी ठेवा आणि तार व पट्टी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवत न्या. एका ठरावीक जागी तार झिणझिणायला लागते. जागा केसभराची असते, घाई केली तर सापडत नाही.

उलथणं आणि दोरा हा उपक्रम सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा. मीटरभर सुती दोऱ्याच्या मध्यावर स्टीलचं उलथणं बांधा, टोकं दोन्ही तर्जन्यांना गुंडाळा, आणि बोटांनी कानासमोरची कूर्चा दाबा. बोट कानात घालायचं नाही. उलथणं टेबलाला लागलं की देवळातली घंटा ऐकू येते. दोरा छातीला टेकला की आवाज मरतो. डब्यांच्या टेलिफोनलाही हाच नियम: दोरी ताठ हवी आणि मध्ये कुठेही टेकता कामा नये. चहाचे कागदी कप पाच मिनिटांत फाटतात, पत्र्याचे डबे घ्या, कडा ठोकून मोडा, आणि आत गाठीला काडी अडकवा. दहा मीटरपर्यंत स्पष्ट चालतो.

डब्यावर फुगा ताणून त्यावर दाणे नाचवण्याच्या खेळात एक फसवणूक आहे. मूल तोंड उघडून ‘आ’ करतं तेव्हा दाणे बऱ्याचदा फुंकरीनं हलतात, आवाजानं नव्हे. ओठ मिटून ‘म्म्म’ करायला लावा, किंवा पातेलं डब्यावर वीतभर उंच धरून वाजवा. मीठ पावसाळ्यात ओलसर होऊन चिकटतं, मोहरी चांगली. रांगोळीची भरड पूड घातली तर आकृत्याही दिसतात. क्लाड्नी या जर्मन शास्त्रज्ञानं 1787 साली धातूच्या पत्र्यावर वाळूच्या अशाच आकृत्या छापून दाखवल्या होत्या. फुगा तीन-चार आठवड्यांत वाळून फाटतो, जास्तीचे ठेवा.

खुळखुळे हलवून सारख्या आवाजाची जोडी शोधायच्या खेळासाठी औषधाच्या अपारदर्शक बाटल्या, प्रत्येक दाण्याच्या दोन: जोंधळे, मोहरी, तांदूळ, हुलगे, चिंचोके, बारीक खडे. चतुर्थांश भरायच्या, निम्म्यावर गेलं की आवाज दबतो. ऑगस्टात जोंधळ्यांत सोंडे झाले, म्हणून दाणे आधी कडक उन्हात वाळवा. झाकण चिकटवलंच पाहिजे, चिंचोका घशात अडकू शकतो. एखादं मूल सर्दीनंतर जोड्या सारख्या चुकवायला लागलं तर त्याला खेळ येत नाही असं धरू नका. कानाच्या पडद्यामागे पाणी साठलेलं असू शकतं, डॉक्टरांना दाखवायला सांगा.

पाण्याच्या पेल्यांचं जलतरंग साडेसहाच्या आतल्या मुलांना देऊ नये. पेला वाजवला तर पाणी वाढेल तसा सूर जाड होतो, कारण काचेला पाण्याचं ओझं होतं. बाटलीवर फुंकलं तर पाणी वाढेल तसा किनरा, कारण आतली हवा आखूड होते. मोठ्या मुलांसाठी हा उलटपालट सुरेख कोडं आहे, लहानांचा मात्र आधी बसलेला समज विस्कटतो. स्टीलचे पेले बद्द वाजतात, चिनी मातीचे वाडगे घ्या आणि पाणी रोज ओतून टाका.

मडकं वाजवून घ्यायचं हे घरोघरी माहीत आहे, पेटीत तेच केलं. खानापूरची तीन मडकी, त्यांतलं एक मुद्दाम तडा गेलेलं. डोळे मिटून फुटकं ओळखायचं. ओलं मडकंही बद्द बोलतं आणि मुलं त्याला फुटकं ठरवतात, म्हणून तासाआधी उन्हात ठेवा. बोटांनी वाजवा, काठीनं तीनपैकी दोन गेली.

जूनमध्ये पेटी पुन्हा भरताना नव्यानं लागेल ते एवढंच: फुगे, तंगूस, दाणे, दोन मडकी आणि दोन टोपणं. नळ्या, काटे आणि फळी पहिल्या दिवशी होत्या तशाच आहेत.