चैत्रात माग काढण्याचा सराव : पहाटे की सांजवेळी?

कुत्र्याला वासावरून माग काढायला शिकवायचं असेल आणि दिवसातून एकच वेळ मिळत असेल, तर पहाट घ्या. बीगल, लॅब्रॅडॉर, पॉइंटर अशा नाकावर चालणाऱ्या शिकारी जातींबद्दल हे आहे. कारवान आणि मुधोळ ही देशी कुत्री नजरेनं पाठलाग करतात, त्यांना हा हिशेब फारसा लागू नाही.

पुण्याच्या आसपास मार्चमध्ये पहाटे १५ अंशांजवळ असलेला पारा दुपारी ३५ च्या घरात जातो. सगळा फरक तिथेच पडतो. रात्रभर जमीन थंड झालेली असते, तिच्यालगतची हवाही गार आणि जड, त्यामुळे वास गवताच्या बुडाशी धरून राहतो. सूर्य वर आला की किंचित ओल्या मातीतून वास हळूहळू उठतो. उजाडल्यानंतरचा पहिला तास सर्वांत चांगला. मात्र फेब्रुवारीत दव फार पडलं असेल, तर गवत थोडं सुकेपर्यंत थांबा. एप्रिलमध्ये देशावर दव जवळपास नसतंच, आणि साडेआठनंतर सराव ताणण्यात अर्थ उरत नाही.

संध्याकाळी पाच-साडेपाचला हवा बरी वाटते खरी, पण तळवा जमिनीला लावून बघा. दिवसभर तापलेल्या मातीवरून गरम हवा वर चढत असते, वासही तिच्याबरोबर उडून जातो, वर वारा झुळकीझुळकीनं दिशा बदलतो. कुत्रा मागावरून दोन-तीन हात बाजूला सरकून चालतो आणि मालकाला वाटतं, लक्ष नाही. त्याहून मोठी अडचण धापेची. एरवी माग काढताना कुत्रा सेकंदाला पाच-सहा वेळा हुंगतो; तोंड उघडून धापा टाकायला लागला की हे हुंगणं तुटतं. म्हणून सांजेला जायचंच असेल तर सूर्यास्तानंतर अर्ध्या तासानं जा. तेव्हा गार हवा ओढ्याच्या, ओघळीच्या तळाकडे उतरते आणि वास तिथे साचतो. उतारावर आखलेला माग कुत्र्याला खालच्या अंगाला सापडला, तर त्याला ओढून वर आणू नका. तो बरोबर आहे.

सरावाचं मापही वेळेप्रमाणे बदलतं. पहाटे नवशिक्यासाठी ५०-६० पावलांचा सरळ माग पुरे: आधी आपण पाय घासत चालायचं, प्रत्येक पावलावर खाऊचा बारीक तुकडा, १०-१५ मिनिटांनी कुत्र्याला छातीपट्टा आणि लांब दोरीवर सोडायचं. सांजेला तोच माग निम्मा करा आणि पाच मिनिटांतच सुरू करा. मुरलेल्या कुत्र्याला मात्र अधूनमधून संध्याकाळची अवघड जमीन द्यावीच, नाहीतर तो फक्त सोप्या हवेतला माग शिकतो.

कोकणात गणित थोडं वेगळं. दुपारपासून समुद्रावरचं वारं एका दिशेनं वाहतं, हवेत ओल असते, त्यामुळे संध्याकाळ तितकी वाईट नाही. पण दमट हवेत धापा टाकूनही अंग लवकर निवत नाही. दहा मिनिटांवर सावली आणि पाणी हवंच. सरावाआधीही पाणी पाजा, कोरडं नाक कमी पकडतं.

वसंतातली दोन विघ्नं दोन्ही वेळांना सारखी. एक, वाळलेल्या गवताची कुसळं. एकाएकी जोरजोरात शिंका, एकाच नाकपुडीतून रक्त किंवा नाक पंजानं घासणं दिसलं, तर कुसळ आत गेल्याचा संशय धरा आणि स्वतः चिमटा न घालता पशुवैद्य गाठा. दुसरं, जळलेली धसकटं आणि ताजी फवारणी केलेली शेतं. तिथे माग आखूच नका.

आणि दोरी सोडू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात संरक्षित प्राण्याचा पाठलाग हीसुद्धा शिकारच आहे, आणि याच दिवसांत टिटवी उघड्या माळावर अंडी घालते. पहाटेच्या शांततेत कुत्र्याचं नाक तिच्यापर्यंतही सहज पोचतं.