रंग मारलेला जुना स्टीअरिंग रॅक नवीन म्हणून गळ्यात मारला, जुन्या गाड्यांवाल्यांनी जरूर वाचा

माझी 2012 ची फोर्ड फिगो आहे, डिझेल, हायड्रॉलिक पॉवर स्टीअरिंगवाली. मागच्या पावसाळ्यात पार्किंगमध्ये डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला लाल तेलाचे डाग दिसायला लागले आणि पॉवर स्टीअरिंगच्या बाटलीतलं तेल दर आठवड्याला खाली जायला लागलं. आधी वाटलं प्रेशरचा पाइप गेला असेल, पण स्टीअरिंग रॅकच्या (स्टीअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा आडवा भाग) टोकाला जो रबरी बूट असतो त्याची क्लिप सोडली तर आतून पेलाभर तेल भळकन बाहेर आलं. बूटमध्ये तेल म्हणजे रॅकचं आतलं सील गेलं, पाइप बदलून काही उपयोग नसतो. गाडीची यात काही चूक नाही, एवढ्या वर्षांत रबर कडक होणारच.

काम घरीच करायचं ठरवलं, ब्रेक, बुश, बेअरिंग हे सगळं मी स्वतःच करत आलोय. प्रश्न पार्टचा होता. फोर्डने सप्टेंबर 2021 मध्ये इथलं गाड्यांचं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, तेव्हापासून आमच्यासारखे लोक पार्टसाठी नेटवर शोधत बसतात आणि हे विकणाऱ्यांना पक्कं ठाऊक आहे. दिल्लीच्या एका विक्रेत्याची जाहिरात दिसली, फोन केला तर म्हणाला, "सर, बिलकुल नया पीस है, कंपनी का माल." किंमत 13,500, वर 3,000 डिपॉझिट, जुना रॅक त्यांना पाठवला की डिपॉझिट परत.

इथेच मी थांबायला हवं होतं. नवीन पार्ट विकणाऱ्याला माझा गळका रॅक कशाला हवाय? जुना परत मागतो तो रिकंडिशनवाला, म्हणजे जुनाच पार्ट दुरुस्त करून विकणारा. रिकंडिशन वाईट असतं असं माझं म्हणणं नाही, नीट केलेला रॅक वर्षानुवर्षं चालतो, पण मग तसं सांगून विका आणि त्या भावात विका. बाबांना दर पंधरा दिवसांनी दवाखान्यात न्यावं लागतं, गाडी उभी ठेवून चालणार नव्हतं, मी सगळे पैसे यूपीआयने आधीच पाठवले.

बॉक्स आला. रॅक चंदेरी, चकाचक. पण रंग बूटच्या क्लिपांवरही उडालेला, पाइप लागतात तिथल्या आट्यांमध्येही रंग, पोर्टवर प्लास्टिकची टोपणं नाहीत आणि पिनियनला (रॅक सरकवणारा दातेरी तुकडा) जिथे कॉलमचा, म्हणजे स्टीअरिंगकडून येणाऱ्या दांड्याचा, बोल्ट आवळतो तिथे आधी कुणीतरी बसवल्याची घासलेली चमक. नव्या रॅकवर यातलं काहीही नसतं. मला हे दिसलं होतं, तरी मी मनाची समजूत घातली.

काम सोपं नाही, दोन रविवार गेले. पुढून गाडी उचलून दोन्हीकडे जॅक स्टँड लावले (नुसत्या जॅकवर गाडीखाली कधीच शिरू नका), स्टीअरिंग सरळ करून सीटबेल्टने बांधून ठेवलं कारण एअरबॅगवाल्या गाडीत ते मोकळं गरगर फिरलं तर क्लॉक स्प्रिंग (स्टीअरिंगमधली एअरबॅगची गुंडाळलेली वायर) तुटते, टाय रॉड एंड (रॅक चाकाला जोडणारं टोक) काढताना किती फेरे फिरले ते लिहून ठेवलं, मग दोन्ही पाइप, कॉलमचा बोल्ट, आणि क्रॉसमेंबर (गाडीखालची आडवी चौकट) खाली घेऊन रॅक बाजूने ओढून काढला. काढायच्या आधी नेहमीच्या सवयीने पिनियनच्या हाउसिंगवर सेंटर पंचने दोन ठिपके ठोकले होते, जोडताना खूण असावी म्हणून. ह्या ठिपक्यांमुळेच पुढे सगळं उघडकीला आलं.

आलेला रॅक बसवला, नवीन तेल भरलं, चाकं वर असतानाच इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवलं, बुडबुडे थांबल्यावर गाडी सुरू केली, दुसऱ्या दिवशी अलाइनमेंट. जुना रॅक लगेच कुरिअरने दिल्लीला. स्टीअरिंग एकदम हलकं, मी खूश.

अकराव्या दिवशी ताम्हिणी उतरत होतो, बायको शेजारी, बाबा मागे. पंप कुंईकुंई करायला लागला आणि पुढच्याच वळणाला स्टीअरिंग दगडासारखं झालं. हायड्रॉलिक गेलं तरी चाकं वळतात हे मला माहीत आहे, पण उतारावर, ओल्या रस्त्यावर, समोरून बस येत असताना दोन्ही हातांनी जोर लावून गाडी वळवावी लागते तेव्हा ती माहिती कामाला येत नाही. कशीबशी कडेला घेतली. बाबा काही बोलले नाहीत, नुसते सीट धरून बसले होते, ते मला अजून आठवतं. घरी आणून बूट मागे सरकवला तर रॅकच्या आतल्या बारवर, म्हणजे दांड्यावर, गंजाचे खड्डे आणि त्यावर पॉलिश पेपर मारल्याच्या रेषा. सील त्या बारवरूनच सरकतं, खड्डे असले की कितीही नवीन सील घाला, कापलं जाणारच.

विक्रेता आधी म्हणाला "फिटिंग गलत किया होगा". व्हिडिओ पाठवल्यावर बदलून द्यायला तयार झाला, म्हणून पुन्हा सगळं खोललं, माझ्या खर्चाने तो रॅक पाठवला आणि दोन आठवड्यांनी दुसरा बॉक्स आला. या वेळी बॉक्स उघडताना व्हिडिओ चालू ठेवला. परत तोच चंदेरी रंग. थिनरने पिनियनचा भाग पुसला आणि खाली दोन ठिपके. माझाच रॅक. माझाच गळका रॅक रंग मारून मलाच पाठवला होता. मी फोन केला तर उचलला नाही, तेव्हापासून नंबर बंद आहे, डिपॉझिटही गेलं.

भोसरीत हायड्रॉलिकची कामं करणाऱ्या एका मिस्त्रींकडे तो घेऊन गेलो. त्यांनी समोर खोलून दाखवला, सील सगळी जुनीच, कुणी हात पण लावला नव्हता, पण बार मात्र आरशासारखा स्वच्छ. म्हणाले, "दादा, तुमच्या रॅकला फक्त सील किट लागत होतं." सील किट आणि मजुरी मिळून 4,200. हे मी पहिल्याच दिवशी केलं असतं तर! म्हणून गळका रॅक कुणाला द्यायच्या आधी बार तपासून घ्या आणि बाहेरून रॅक घेत असाल तर पैसे द्यायच्या आधी बूट मागे सरकवून बारचा व्हिडिओ मागा. नाही म्हणाला तर सोडून द्या.

बिल पण नीट बघा. माझ्या बिलावर जीएसटी नंबर होता, 07 ने सुरू होणारा म्हणजे दिल्लीचा, पण जीएसटी नंबरात 15 अक्षरं-आकडे असतात आणि त्यावर 14 च होते. मोजायचं मला सुचलंच नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, उत्तर आलं नाही म्हणून आता पुण्याच्याच जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केलाय. 2019 च्या कायद्यात आपण राहतो तिथे तक्रार करता येते, दिल्लीला जावं लागत नाही, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, फक्त 2 वर्षांच्या आत करावी लागते. यूपीआयच्या पावत्या, कुरिअरच्या पावत्या, चॅट, बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ, ठिपक्यांचे फोटो, सगळं जोडलंय.

तारीख अजून लागायची आहे. रॅक गाडीत आहे, 6,000 किलोमीटर झाले, बूट कोरडे. बाबांना आता मीच नेतो दवाखान्यात, पण ताम्हिणीकडे ते अजून नको म्हणतात.